बोलोन्यातलं सुतक

या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर चारशे दहा युरो ठेवले होते. पन्नासाच्या आठ नोटा आणि दहाची एक. हजर होतो आम्ही पाच जण : मी, माझी बायको, ऑकलंडच्या ईस्ट टामाकीहून गाडी काढून आलेलं एक तरुण जोडपं आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते. ती चकल्या खात होती आणि नोटांवरचे पूल बघत होती.

हे जोडपं एप्रिलमध्ये इटलीला जाणार होतं. माझ्याकडे युरो पडून आहेत हे त्यांना मराठी मंडळात कोणीतरी सांगितलं होतं. बँकेपेक्षा घरातल्या घरात व्यवहार बरा, असं ठरलं. आणि युरोंबरोबर त्यांना माझी माहितीही हवी होती. मंडळात मला बोलोन्यावाला म्हणतात. हॅमिल्टनमधल्या ज्या कंपनीत मी इंजिनिअर आहे तिथे लोण्याच्या वड्या कागदात गुंडाळणारी मशीनं इटलीतल्या बोलोन्याहून येतात, आणि मशीन जहाजावर चढण्याआधी ते तिकडच्या कारखान्यात चालवून बघायला कोणाला तरी जावं लागतं. मी तीनदा गेलो.

"दादा, गूगल नको. तुमचं सांगा," तो म्हणाला. "खायचं कुठे, खरेदी कुठे आणि भटकायचं कुठे. तीन कॉलम."

"हा ऑफिसातही एक्सेल आणि घरातही एक्सेल," त्याची बायको म्हणाली. "लग्नाआधी माझाही एक कॉलम केला होता याने."

"मग तुम्ही योग्य घरी आलात," माझी बायको म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे युरो दीड वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरातल्या सहलीतून उरले होते. त्या सहलीत, एका गुरुवारी पहाटे, माझी आई पुण्यात गेली. माझ्या बायकोला ते गुरुवारी सकाळीच कळलं. मला सोमवारी कळलं. मधले चार दिवस मी बोलोन्यात माझ्या आवडीच्या ठिकाणी खात होतो, खरेदी करत होतो, भटकत होतो, आणि ती माझ्याबरोबर चालत होती. तेव्हापासून माझी एक खोड झाली आहे. काहीही चांगलं तोंडात घातलं की मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. हिला काही माहीत आहे का, जे मला माहीत नाही? घरी, मंडळाच्या जेवणात, कुठेही. तिला ते समजतं. समजल्यावर ती मान वळवते. आमच्या घरात ना भांडण आहे ना अबोला. एवढंच आहे, आणि त्यावर दीड वर्ष आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

मी त्या दोघांना सांगायला सुरुवात केली.

खायचं म्हणाल तर, मी म्हणालो, मोठ्या चौकाच्या पूर्वेला अरुंद बोळांचा जुना बाजार आहे. मासेवाले, भाजीवाले आणि चीजवाले एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे बसलेले असतात. त्या बाजाराच्या टोकाला एक लहान दुकान आहे. तिथे काचेमागे दोन बायका लाकडी फळीवर पिठाची पोळी लाटतात. लाटणं हातभर लांब. पोळी टेबलाएवढी, आणि इतकी पातळ की खालच्या फळीच्या रेघा दिसतात. त्या पोळीचे चौकोन कापून आत सारण भरतात. लाल भोपळ्याचं सारण मागा, ते शाकाहारी असतं. वर वितळलेलं लोणी आणि एक पान. बाकी काही नाही.

या दुकानात आम्ही बुधवारी संध्याकाळी जेवलो होतो. मशीनची चाचणी त्याच दुपारी संपली होती. बायको माझ्याबरोबर आमच्या खर्चाने आली होती. न्यूझीलंडमधल्या तेवीस वर्षांत आमची प्रत्येक मोठी रजा पुण्याला गेली, एकही दुसरीकडे नाही. या वेळी आईच फोनवर म्हणाली होती, "दर वेळी इथे येऊन काय बघता? माझं तोंड? ते तेच आहे. तिला कुठेतरी ने." म्हणून चाचणी संपल्यावर चार दिवस जोडून घेतले. मी कारखान्यात असताना बायको एकटीच गावात फिरली, पण माझी ठिकाणं तिने राखून ठेवली होती. ती तू दाखवायची, असं तिचं म्हणणं होतं.

बुधवारी ती भोपळ्याचं सारण खाताना म्हणाली, "हे आईंना जमेल. फक्त त्या गूळ घालतील."

आम्ही दोघं हसलो. आई तेव्हा जिवंत होती. आम्ही मिळून चवीने खाल्लेलं ते शेवटचं जेवण.

गुरुवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती, फोन हातात पालथा धरून. मी म्हणालो, चल, उशीर नको. ती न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. केस तिने आदल्या दिवशीच धुतले होते. मी म्हणालो, "आता हे वाळेपर्यंत दहा वाजतील." ती म्हणाली, "ओलेच राहू देत."

ताईचा फोन येऊन गेला होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आई तिच्याकडेच असायची. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत आई गेली. ताईने माझ्या बायकोला सांगितलं आणि वर शपथ घातली की मला सांगायचं नाही. दुपारपर्यंत सगळं उरकेल, तो येऊन काय करणार? तुम्ही घरी पोचलात की मग सांग.

हे मी त्या जोडप्याला सांगत नव्हतो. त्यांना मी भटकायची ठिकाणं सांगत होतो. त्या गावात फुटपाथवर कमानींचं छप्पर आहे, मैलोन्‌मैल. पावसात छत्री लागत नाही. दोन कलते मनोरे आहेत. आणि एक जुनं चर्च आहे, खरं तर सात देवळं एकमेकांना जोडून झालेलं. समोर दगडगोट्यांनी बांधलेलं त्रिकोणी अंगण आहे. आत थंड आणि अर्धवट अंधार असतो. विटांचं काम बघण्यासारखं आहे, इंजिनिअर असलात तर तासभर जाईल.

"वहिनी, तुम्हाला काय आवडलं त्यात?" त्या मुलीच्या आईने विचारलं.

बायको चहा घेऊन आली होती. "मी आत गेले नाही," ती म्हणाली.

खरंच गेली नव्हती. गुरुवारी दहाच्या सुमारास आम्ही त्या अंगणात उभे होतो. ती म्हणाली, तू जाऊन ये, मी पायरीवर बसते. मी म्हणालो, अगं, बारा हजार मैलांवरून आलोय, पायरीवर काय बसतेस? ती म्हणाली, पाय दुखतात. मी एकटाच आत गेलो. तिथे एका खांबापाशी उभा राहून मी आईला फोटो पाठवायचा म्हणून एक काढला आणि पाठवलाही. बाहेर आलो तर ती पायरीवर नव्हती. अंगणाच्या कोपऱ्याकडून येताना दिसली. मी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, पाणी बघत होते कुठे मिळतंय का.

दुपारी मी तिला ज्या आइस्क्रीमच्या दुकानाबद्दल सहा वर्षं बोलत होतो तिथे नेलं. पिस्त्याचं मागवलं, दोन. तिने तिचं हातात धरलं आणि वितळू दिलं. शेवटी मीच ते खाल्लं. दोन्ही मीच खाल्ली. पुण्यात दुपार सरत आली होती आणि भाच्याने आईला अग्नी देऊन दोन तास झाले होते.

खरेदीचं तसंच. कमानींच्या एका रस्त्यावर चामड्याच्या वस्तू शिवणारा एक म्हातारा आहे. मागच्या खेपेला मी त्याच्या दुकानातल्या एका पिशवीचा फोटो बायकोला पाठवला होता आणि तिने तो फोनमध्ये जपून ठेवला होता. तपकिरी, साधी, आत दोन कप्पे. या वेळी त्यासाठी मी रोख पैसे वेगळे काढले होते. शुक्रवारी आम्ही दुकानात गेलो. म्हाताऱ्याने पिशवी तिच्या खांद्याला अडकवली, पट्टा बरोबर लांबीचा केला. तिने ती काढून ठेवली.

"नको," ती म्हणाली.

"का? आवडली नाही?"

"आवडली. आत्ता नको."

"आत्ता नको तर कधी? पुन्हा कोण येतंय इथे?"

ती बाहेर जाऊन उभी राहिली. मी म्हाताऱ्यासमोर खजील झालो. रस्त्यावर येऊन मी तिला म्हणालो की तुला आनंदाने पैसे खर्च करायची सवयच नाही, तेवीस वर्षं सेलच्या वस्तू घेऊन हे असं होतं. सुतकात नवीन वस्तू घेत नाहीत, गोड खात नाहीत, तळलेलं खात नाहीत, देवळात जात नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत आहे. चार दिवस ती कोरडा पाव, उकडलेला भात आणि तेल-मीठ लावलेली शेवई खात होती. मला वाटलं, पोट बिघडलंय. मी तिला गोळी दिली. तिने घेतलीही.

शनिवारी मात्र मी माझं आवडतं दुकान गाठलं. ते हार्डवेअरचं आहे, शंभर वर्षांचं तरी असेल, छतापर्यंत लाकडी खण. तिथे स्वयंपाकाचीही हत्यारं मिळतात. मला तिथे पितळेचं कातण दिसलं. करंजीची कड कापायला आपल्याकडे असतं तसंच, नागमोडी चाक आणि लाकडी मूठ, पण जड, हातात बसणारं. आईचं कातण पत्र्याचं होतं आणि त्याचं चाक डुगडुगायचं. दिवाळी दोन-तीन आठवड्यांवर आली होती.

"हे आईला," मी म्हणालो.

"राहू दे," बायको म्हणाली.

"का?"

"त्यांना जुन्याची सवय आहे."

"तुझ्यासाठी घेत नाहीये मी," मी म्हणालो. "आईसाठी घेतोय. तुझं तू काही घेऊ नकोस."

दुकानदाराने ते तपकिरी कागदात बांधून दोरीची गाठ मारून दिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, असं मला पुढे वाटत राहिलं.

सोमवारी आम्ही निघालो. दुबईच्या विमानतळावर ऑकलंडच्या विमानाला साडेतीन तास होते. आम्ही फलाटासारख्या लांबलचक दालनातून चालत होतो. वर पाटीवर ऑकलंड होतं आणि त्याच्या दोन ओळी खाली मुंबई. बायको त्या पाटीखाली थांबली. हातातली बॅग खाली ठेवली.

"आपल्याला मुंबईला जायला हवं," ती म्हणाली.

"का?"

तिने सांगितलं. आई गुरुवारी गेली. एवढंच सांगितलं आणि उभी राहिली. मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, गुरुवारी. मी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, तू अंघोळीला गेला होतास. मी तिकडच्या काउंटरवर गेलो आणि तिकिटं बदलून घेतली. दोन्ही तिकिटं. ते काम बिनचूक झालं. त्या बाईने काही बिघडलंय का असं विचारलं तर मी नाही म्हणालो.

पुण्यात ताईच्या घरी आईची खाट घडी करून गॅलरीत उभी केली होती. भिंतीशी पणती होती. माझा फोटो, म्हणजे मी चर्चमधून पाठवलेला, आईच्या फोनवर आलेला होता. कोणी उघडला नव्हता.

"ताई, मला फोन का नाही केलास?"

"करून काय? तू येईपर्यंत दोन दिवस गेले असते. बाबांच्या वेळेला गेलेच ना?"

"मी न्यूझीलंडला नव्हतो. बोलोन्याहून निघालो असतो तर दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या दारात असतो."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे? इटली जवळ आहे?"

"निम्म्याने."

"मला काय ठाऊक रे! मी आपलं धरलं, परदेश तो परदेश." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, "आणि तुला कळलंच नव्हतं तर तुला सुतक कसलं? ऐकलं तेव्हापासून धरायचं असतं. तुझे तेवढे दिवस तरी निर्विघ्न गेले. त्याचं वाईट नको वाटून घेऊस."

तिला हे मनापासून वाटत होतं. तिने मला चार दिवस दिले होते, भावाला द्यावेत तसे. त्या चार दिवसांचं सुतक माझ्या बायकोने एकटीने पाळलं, याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

बाबांच्या वेळचं सांगायला हवं. ते गेले तेव्हा मी हॅमिल्टनहून निघालो, ऑकलंडला धुक्यात विमान अडकलं, पुढचं चुकलं. मी येईपर्यंत थांबा, असं मीच फोनवर सांगितलं होतं. माझ्यासाठी बाबांना दोन दिवस बर्फावर ठेवलं. मी पोचलो तेव्हा खालची चादर ओली होती आणि पाणी दारापर्यंत आलं होतं. आई ते पाणी फडक्याने टिपत बसली होती. दोन दिवस ती तेच करत होती. त्या दिवशी संध्याकाळी ती ताईला म्हणाली होती, माझ्या वेळेला बर्फ आणायचा नाही.

म्हणजे मला फोन आला असता तर मी काय म्हणालो असतो, हे मला माहीत आहे. मी म्हणालो असतो, थांबा. एक दिवसाचा बर्फ लागला असता. मी तो मागितला असता.

दहाव्याला मी घाटावर जे करायचं ते केलं. कातण ताईला दिलं. तिने ते फडताळात ठेवलं. त्या दिवाळीत कोणी करंज्या केल्या नाहीत.

हॅमिल्टनला परतलो तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, इटली कशी होती, हीप्स ऑफ पास्ता, म्हणजे ढीगभर पास्ता खाल्ला का? मी चांगली होती म्हणालो. शेजारच्या घरात इथल्या मूळ लोकांपैकी एक माओरी बाई राहतात, माझ्याहून वयाने मोठ्या. त्या कुंपणाशी आल्या, आईबद्दल कळलं म्हणाल्या आणि विचारलं, तुला तिच्याजवळ बसायला मिळालं का? मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, आमच्यात तीन दिवस घरचे सगळे जवळ बसतात, गेलेल्याला एकटं सोडत नाहीत. त्या बोलत होत्या आणि माझी बायको मागे दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती आत निघून गेली. बादली तशीच राहिली.

तर तो फेब्रुवारीतला रविवार. मी खायचा कॉलम संपवला होता आणि खरेदीच्या कॉलमवर होतो. पिशव्या शिवणाऱ्या म्हाताऱ्याचा पत्ता समजावून सांगत होतो. त्या मुलीची आई म्हणाली, "दाखवा ना वहिनी, तुमची कुठली घेतली?"

"मी घेतली नाही," बायको म्हणाली. "त्याच पिशवीचे पैसे आहेत हे."

टेबलावरच्या नोटांकडे सगळ्यांनी पाहिलं. तो तरुण अवघडला. लहान मुलीने विचारलं, "मम्मा, कॅन आय हॅव वन मोर चकली?" आणि कोणीच तिला उत्तर दिलं नाही म्हणून तिने घेतली.

मग माझ्या बायकोने त्या ढिगातली दहाची नोट काढून बाजूला ठेवली.

"ही विकायची नाही," ती म्हणाली. "एक काम कराल का? हा म्हणतोय ना ते सात देवळांचं चर्च, त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यावर फुलांची टपरी आहे. तिथे एक बाई असते, जाड चष्म्याची. तिला ही द्या. माझं तिचं देणं आहे."

"कसलं देणं?" मी विचारलं. दुबईनंतरच्या दीड वर्षात त्या दिवसांबद्दल मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो परक्या माणसांसमोर विचारला गेला.

तिने मला नाही, त्या मुलीच्या आईला सांगितलं. "माझ्या सासूबाई त्या दिवशी पुण्यात गेल्या होत्या. याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मला दिवा लावायचा होता. पण सुतक होतं, आत कशी जाणार? देव कोणाचाही असला तरी देऊळ ते देऊळ. हा आत गेला तेव्हा मी त्या बाईकडे गेले. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी फोनवरचा आईंचा फोटो दाखवला आणि वर आकाशाकडे हात केला. तिला कळलं. तिने टपरी तशीच सोडली, आत जाऊन मेणबत्ती लावून आली. मी पैसे द्यायला लागले तर माझी पर्सच नव्हती. ती याच्या बॅगेत. ती बाई म्हणाली, जा, जा. दुसऱ्या दिवशी गेले तर टपरी बंद. नंतर जमलंच नाही."

मी विचारलं, "मी आत होतो तेव्हा?"

"हो."

"कुठे लावली?"

"मला कसं माहीत असणार? मी बाहेर होते."

मी त्या चर्चमध्ये विटा बघत असताना एक जाड चष्म्याची बाई माझ्या बाजूने गेली असणार. तिच्या हातात आईची मेणबत्ती होती. आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. मला ती आठवत नाही. विटा आठवतात.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. "बाहेर आल्यावर. तेव्हाच."

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तू थांबवा म्हणाला असतास."

"हो."

"आईंनी मला सांगून ठेवलं होतं. बर्फाचं ताईंना बोलल्या होत्या, पण हे मला. मागच्या खेपेला, हात धरून. तो म्हणेल थांबा, तू नाही म्हण. मी हो म्हटलं होतं. दुपारी अग्नी दिल्याचं कळलं तेव्हा मोकळी झाले. तेव्हाच सांगायचं ठरवलं. तर तू दोन आइस्क्रीम घेऊन येत होतास." तिने दहाची नोट टेबलावर सरळ केली. "मग रोज ठरवायचे. शनिवारी ते कातण घेतलंस, त्यानंतर मला धीर झाला नाही."

त्या तरुणाने घसा साफ केला. "दादा, आम्ही नंतर येऊ का?"

"नाही, बसा," मी म्हणालो. "व्यवहार पुरा करू."

आणि तो केला. त्या दिवशी एका युरोला न्यूझीलंडचा एक डॉलर शहाण्णव सेंट असा भाव दिसत होता. चारशे युरोंचे सातशे चौऱ्याऐंशी डॉलर झाले. तो म्हणाला आठशे धरा, मी नको म्हणालो. त्याने माझा खाते क्रमांक विचारला. मी त्याला बायकोचा दिला. बायकोने ते ऐकलं. त्यांच्या मुलीला तिने डब्यात चकल्या भरून दिल्या.

ते गेल्यावर तिने कप धुतले आणि मी पुसले. बशीत एक चकली उरली होती, ती मी खाल्ली. खाताना मी तिच्याकडे पाहिलं. ती पाठमोरी होती. मी अजूनही पाहतो. वाद मिटला असं मी लिहिणार नाही, कारण माझा हिशोब अजून तोच निघतो : निघालो असतो तर शुक्रवारी दुपारी घरात होतो. पण त्या हिशोबात आता दोन गोष्टी जास्त आहेत. आईने कोणावर भरवसा ठेवला होता, ही एक. आणि त्या गुरुवारी दहाच्या सुमाराला, मी ज्या छताखाली उभा होतो त्याच छताखाली, तिच्यासाठी कोणीतरी काही लावलं होतं.

एप्रिलच्या शेवटी त्या जोडप्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. टपरी सापडली. बाई तीच, जाड चष्मा. तिला काहीच आठवत नव्हतं. आशियातल्या कितीतरी बायका येतात, म्हणाली. नुसते पैसे घ्यायला तयार होईना, म्हणून शेवटी दहा युरोंची पांढरी फुलं बांधून दिली आणि रीतसर पावती फाडली. त्यांच्या मुलीने ती फुलं चर्चच्या पायरीवर ठेवली. आत नेऊ का म्हणून त्यांनी विचारलं होतं. बायकोने कळवलं, आता आत न्यायला हरकत नाही. तोवर ते स्टेशनवर पोचले होते.

पावतीचा फोटो त्यांनी मला पाठवला. सातशे चौऱ्याऐंशी डॉलर बायकोच्या खात्यावर फेब्रुवारीतल्या त्याच रविवारी जमा झाले होते. दहा युरो फुलवालीला दिले.